नऊ वर्षं आणि चाळीस दिवस

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. शिव्या द्यायच्या असतील त्यांनी जरूर द्याव्या, फक्त शेवटपर्यंत वाचून द्याव्या.

गेल्या आठवड्यात गोंदियातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं, की ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चांगली होती, पण मराठी टीव्हीवरची आजवरची सर्वश्रेष्ठ वगैरे म्हणण्याइतकी नव्हती. बस्स. दोन तासांत दीडशेच्या वर मेसेज पडले. एकानं मला मोगलांचा पगारी लेखनिक म्हटलं. (पगारी! वीस वर्षांवर तालुक्याच्या बातम्या पाठवतो आहे, पगार कसा दिसतो ते त्या भाऊंनी मला एकदा दाखवावं.) एका जुन्या मित्रानं फोन करून विचारलं, “काऊन जी, तुमाले मालिका नाई आवडली? का राजेच नाई आवडत?”

या दुसऱ्या प्रश्नामुळं ही पोस्ट लिहितो आहे. मालिका आवडली नाही म्हणजे राजे आवडत नाहीत, हे समीकरण कधी तयार झालं? कोणी केलं? आणि त्यात खरं नुकसान कोणाचं होतं आहे?

त्या ग्रुपवर लिहिण्याचं कारणही सांगतो. जानेवारीत सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. आपल्याकडं पत्रकाराला पाहुणा करायची पद्धत आहे, बातमी फोटोसकट छापून येते. शाल, श्रीफळ, चहा-चिवडा झाला. लावणी झाली, आदिवासी नृत्य झालं, एक हुंडाबंदीची नाटिका झाली. मग शंभूराजांवरची नाटिका. आणि तिच्यानंतर दुसऱ्या वर्गाची, पुन्हा शंभूराजांवरचीच. दोन्ही नाटिका एकाच ठिकाणी सुरू झाल्या. सहावी-सातवीतला टुरा, अंगभर साखळदंड, अंगावर लाल रंग, समोर दाढीवाला बादशहा. पेनड्राइव्हवरून ते रडवणारं संगीत. डोळे काढण्याचा प्रसंग, जीभ कापण्याचा प्रसंग. मांडवातल्या बाया पदराला डोळे पुसत होत्या. शेवटी घोषणा. टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या टुऱ्याला जवळ बोलावलं. गुणी पोरगा, आवाज खणखणीत. विचारलं, “बेटा, राजांनी कोणत्या लढाया केल्या?” तो गडबडला. म्हणाला, “औरंग्याशी.” कुठं? माहीत नाही. रामशेज ऐकलंय? नाही. जंजिरा? “तो किल्ला आहे ना सर?” हो, किल्ला आहे. गोवा? “गोव्याले कायले जातीन?” असं त्यानं मलाच विचारलं.

मी त्याला दोष देत नाही. गुरुजींनाही देत नाही. गुरुजी म्हणाले, “सर, आमी मालिका पाहूनच बसवलं. मोबाइलवर सगळे भाग आहेत.” बरोबर आहे त्यांचं. मालिका हाच आता आपला इतिहासाचा धडा आहे. म्हणूनच धडा कसा लिहिला होता हे तपासायचा हक्क मला आहे, असं मी मानतो.

आता मालिकेबद्दल. २४ सप्टेंबर २०१७ ला झी मराठीवर सुरू झाली, २९ फेब्रुवारी २०२० ला संपली. जवळजवळ अडीच वर्षं. डॉ. अमोल कोल्हे संभाजीराजे, प्राजक्ता गायकवाड येसूबाई. कोल्हे त्याआधी २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’मध्ये शिवाजी महाराज झाले होते, म्हणजे लोकांनी त्यांना आधीच गादीवर बसवलेलं होतं. मालिका चालू असताना २०१९ मध्ये ते शिरूरमधून खासदार झाले. मालिका संपली आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. मग तीच पुन्हा दाखवली गेली, आणि घरात कोंडलेल्या लोकांनी ती पुन्हा बघितली. ज्यांनी पहिल्यांदा बघितली नव्हती त्यांनीही बघितली. तिच्या आजच्या नावलौकिकात त्या काळाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. आपण सगळे तेव्हा घाबरलेले होतो आणि पडद्यावर एक माणूस मरणाला घाबरत नव्हता.

तिचं श्रेय मी नाकारत नाही. उलट गोंदियाच्या माणसानं ते जरा जास्तच द्यायला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या लोकांना कल्पना नाही, पण आमच्या शहरात बाजाराची भाषा हिंदी आहे. रेल्वे स्टेशनवर उतरलात की ऑटोवाला हिंदीत बोलतो. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला डोंगरगड. आमगाव-गोरेगावकडं घरात पोवारी, सालेकसा-देवरीत गोंडी, छत्तीसगढी. अशा घरांत रात्री ही मालिका लागायची. माझ्या शेजारच्या मारवाडी वहिनी, चाळीस वर्षं गोंदियात राहून मराठीत ‘कसे आहात’च्या पुढं गेल्या नव्हत्या, त्या मला एकदा फाटकाजवळ थांबवून म्हणाल्या, “भैया, ये ‘कुलमुखत्यार’ मतलब क्या?” मालिकेमुळं विचारत होत्या. कोणत्याही मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमानं हे केलेलं मी बघितलेलं नाही.

आणि येसूबाई. राजे मोहिमेवर असताना राज्याचा कारभार बघणारी बाई, ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी स्वतःची मुद्रा असलेली बाई, ही मालिकेनं घराघरांत पोचवली. त्याआधी विचारलं असतं तर आपल्यातल्या किती जणांना तिचं नाव सांगता आलं असतं? मला तरी शाळेत असताना येत नव्हतं.

तिसरं श्रेय सगळ्यात जास्त सांगितलं जातं, आणि इथून माझं भांडण सुरू होतं. म्हणतात, मालिकेनं राजांवरचा कलंक पुसला.

कलंक होता, हे खरं. मी स्वतः साक्षीदार आहे. १९९० च्या आसपास मंडईच्या नाटकाला आजोबांच्या घोंगडीत बसून मी जो संभाजी बघितला तो हातात प्याला घेऊनच स्टेजवर आला होता. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं, धानाची कापणी उरकलेली असते, लोक निवांत असतात. त्या प्याल्यावर कोणी हरकत घेतली नाही. उलट हशा झाला. ते नाटक लिहिणाऱ्यानं काही मुद्दाम विष कालवलं नव्हतं. त्याच्यापर्यंत जे आलं ते त्यानं लिहिलं. आलं कुठून? मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीसारख्या बखरींतून. ही बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिली गेली, आणि लिहिणारा बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातला. हे बाळाजी आवजी तेच, ज्यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून मारलं. घरातल्या माणसाला ज्यानं मारलं त्याच्याबद्दल त्या घराचा वारस काय लिहिणार? पुढं नाटककारांनी तेच उचललं. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ घ्या. त्याच नाटकाच्या रागातून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. मालिका त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आली.

पण कलंक पुसण्याचं काम तोवर झालेलं होतं! वा. सी. बेंद्रे नावाच्या माणसानं आयुष्यातली कित्येक वर्षं कागदपत्रांत घालवून १९६० मध्ये संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चं. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. बखरीतला बदफैली राजकुमार त्या काळातल्या कागदांशी जुळत नाही हे या लोकांनी दाखवलं. ‘बुधभूषण’ नावाचा संस्कृत ग्रंथ या राजानं लिहिलाय, ब्रज भाषेतही रचना केल्यात, हे लोकांपुढं आणलं. मालिकेनं त्यांची पुण्याई टीव्हीवर आणली. चांगलं केलं. पण ग्रुपवरच्या दीडशे मेसेजांत बेंद्र्यांचं नाव एकदाही आलं नाही. गोखलेबाईंचं तर नाहीच. शेतात राबला कोण आणि मंडीत काटा कोणाच्या नावावर झाला, एवढाच माझा मुद्दा आहे.

ते असो. मालिका म्हणून ती कशी होती ते बोलू.

माझी पहिली तक्रार अशी, की मालिकेतला राजा चुकतच नाही. जगात असा माणूस नसतो, आणि अशी गोष्ट तर मुळीच चालत नाही. राजांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे डिसेंबर १६७८. एकवीस वर्षांचा युवराज बापाचं राज्य सोडून दिलेरखानाला जाऊन मिळतो. कल्पना करा. शिवाजी महाराजांचा मुलगा मोगलांच्या छावणीत! पुढं एप्रिल १६७९ मध्ये भूपाळगड पडतो, आणि दिलेरखान किल्ल्यावरच्या सातशे माणसांचा एकेक हात तोडतो. आपली माणसं. युवराज त्याच छावणीत आहे. वर्ष संपायच्या आत तो तिथून निसटतो आणि पन्हाळ्याला परत येतो.

ते का गेले यावर इतिहासकारांचे वाद आहेत. सावत्र आईचं राजकारण, मंत्र्यांशी वैर, वारसाहक्काचा प्रश्न, कोणी म्हणतं बापलेकांचा डाव. वाद असू द्या. पण त्या छावणीतल्या रात्री या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे दाखवायला एखाद्या लेखकानं जीव टाकला असता. मला मालिकेत दिसली ती सफाई देण्याची घाई. राजांची बाजू कशी बरोबर होती हे समजावणारे संवाद, आणि चूक कोणाची, तर दुसऱ्यांची. सोयराबाई बघा, अण्णाजी दत्तो बघा. भुवया वर, कोपऱ्यात कुजबुज, मागं धडाम संगीत. आठवड्यामागून आठवडे तेच. अण्णाजी दत्तो म्हणजे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला माणूस, कोकणातली जमीन मोजून महसूल बांधणारा. महाराजांनी ज्याच्यावर एवढा भरवसा टाकला तो माणूस पुढं त्यांच्या मुलाविरुद्ध का गेला, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. सासू-सुनेच्या मालिकेतली खाष्ट सासू दाढी-मिशा लावून दरबारात उभी केली की प्रश्न सुटत नाही.

हे जमू शकतं, जमलेलं आहे. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चं. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी त्यात दुखावलेला आहे, उतावळा आहे, बापावर चिडतो. आणि तरी, किंवा त्यामुळंच, लोक त्याच्या बाजूला जातात. आज ते नाटक नव्यानं आणलं तर पहिल्या प्रयोगाला पोलीस बंदोबस्त लागेल अशी मला भीती वाटते.

माझी मुलगी अकरावीत आहे. ती मोबाइलवर जपानी तलवारबाजांची कार्टून बघते. कार्टून म्हटलं की रागावते, ‘अ‍ॅनिमे’ म्हणायचं. त्यातलं ‘डेमन स्लेअर’ तिनं मला बळंच बघायला लावलं. मी नाक मुरडतच बसलो. पण एक गोष्ट दिसली. त्यात राक्षस मरतो तेव्हा मरताना त्याचं माणूसपण दाखवतात. तो आधी कोण होता, कोणाचा भाऊ होता, राक्षस कसा झाला. हिरो त्याचं मुंडकं उडवतो आणि त्याच्यासाठी हळहळतोसुद्धा. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या सिरीयलमध्ये व्हिलन जन्मापासूनच व्हिलन असतो.” काय उत्तर देऊ? पाणी प्यायला उठलो.

आता दुसरी आणि मोठी तक्रार. शीर्षकातली.

१६८० च्या उन्हाळ्यात महाराज गेले. १६ जानेवारी १६८१ ला रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. ११ मार्च १६८९ ला त्यांची हत्या झाली. जवळजवळ नऊ वर्षांचा कारभार. त्यातले शेवटचे चाळीस दिवस कैदेचे. आता आठवून बघा, मालिकेतलं तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मी बऱ्याच लोकांना विचारलं. दहातले नऊ म्हणाले, शेवट. शेवटचे भाग दाखवायचे की नाही यावर तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली, लोकांनी ‘दाखवू नका, बघवणार नाही’ म्हणून विनवण्या केल्या. चॅनलला यापेक्षा मोठी जाहिरात कोणती पाहिजे?

आणि त्या नऊ वर्षांत काय होतं? राज्याभिषेकानंतर पंधरवडाभरात मराठी फौजा बुऱ्हाणपुरावर. बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचं दख्खनचं दार, श्रीमंत पेठ. त्याच वर्षी औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला येतो. बादशहाचा मुलगा मराठ्यांच्या राज्यात पाहुणा! बाप सगळं सैन्य घेऊन दक्षिणेत उतरतो, तो पुन्हा उत्तरेत परतू शकत नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला मरतो. इकडं जंजिऱ्याचा वेढा, सिद्दीच्या त्या पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून वाट बांधायचा प्रयत्न. तिकडं १६८३ मध्ये गोवा. पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्यावर चालून येतो, मार खाऊन परत जातो. मग नोव्हेंबरच्या एका रात्री मराठे ओहोटीचा फायदा घेऊन जुवे बेटावर उतरतात, आणि गोव्याची राजधानी हाकेच्या अंतरावर राहते. व्हाइसरॉय इतका हबकला, की त्यानं संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला, आता तूच वाचव म्हणून. हे पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय. टुऱ्या, गोव्याले यासाठी गेले होते बाबा.

आणि रामशेज. नाशिकजवळचा साधा किल्ला. रायगडासारखा अवघड नाही, प्रतापगडासारखा जंगलात नाही. १६८२ मध्ये मोगलांनी वेढला. बादशहाच्या बड्या सरदारांना वाटलं, आठवड्याचं काम. पाचएक वर्षं किल्ला पडला नाही. शहाबुद्दीन खान आला, हात हलवत गेला. बहादूरखान आला. मोगलांच्या बाजूचाच इतिहासकार खाफीखान लिहितो, की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी लाकडाचे ओंडके पोखरून त्यावर कातडं मढवलं आणि त्याच्याच तोफा करून डागल्या. शत्रूचा माणूस हे कौतुकानं लिहितो! मोगलांनी भुताखेतांचा बंदोबस्त करायला एक मांत्रिक आणला, हातात सोन्याचा साप घेऊन. किल्ल्यावरून गोफणीचा दगड आला आणि त्याच्या छातीत बसला. साप खाली पडला, मांत्रिकही. शेवटी किल्लेदार बदलल्यावर पैसे चारून किल्ला घ्यावा लागला.

ही नुसती ऐकीव गोष्ट वाटावी इतकी भारी आहे. यात विनोद आहे, धडकी आहे, जुगाड आहे. आमच्या शेतकऱ्यांना जुगाड काय असतो ते शिकवावं लागत नाही. लाकडाची तोफ म्हटली की झाडीपट्टीतला प्रेक्षक घोंगडी टाकून पुढं सरकेल. यावर महिना-दोन महिने मालिका रंगवता आली असती. मालिकेत लढाया आल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. आल्या. पण मला आठवतात त्या बहुतेक दरबारात आठवतात. हेर धावत येतो, मुजरा करतो, बातमी सांगतो. राजे डोळे बारीक करतात. मग भवानीचं नाव, मग दहा-वीस माणसांची धावपळ, धूर, स्लो मोशन, उद्याच्या भागात.

कोणी म्हणेल, टीव्हीला बजेट नसतं. मान्य. पण पैसे नसताना काय करता येतं हे दाखवायला लाकडाच्या तोफेहून चांगली गोष्ट कोणती होती? अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ हा १९५४ चा जपानी सिनेमा मी पत्रकारितेच्या डिप्लोमाला नागपूरला असताना बघितला. फिल्म सोसायटीवाल्या एका मित्रानं ओढून नेलं होतं. साडेतीन तासांच्या आसपास. गोष्ट काय? धान पिकवणारं एक गरीब गाव. पीक हातात आलं की दरोडेखोर लुटणार. गावकरी पोटाला भात देऊन सात लढवय्ये आणतात. पिक्चरचा निम्मा वेळ तयारीत जातो. कुंपण कुठं घालायचं, पाणी कुठं सोडायचं, कोणत्या वाटेनं एकेकाला आत घ्यायचं, भ्यालेल्या शेतकऱ्याच्या हातात बांबूचा भाला कसा द्यायचा. सातातले चार मरतात. चौघंही बंदुकीच्या गोळीनं, क्षणात. कॅमेरा त्यांच्या जखमांवर रेंगाळत नाही. आणि शेवटी पावसानंतर रोवणी चालू असते, गाणं म्हणत बाया धान लावताहेत. गोंदियाच्या पोरानं तो शेवट बघितला की काही समजावून सांगावं लागत नाही. ती माणसं कशासाठी मेली ते समोर हिरवं दिसत असतं.

आपली मालिका मात्र मरणापाशी येऊन थांबली. राजांचं बलिदान मोठं आहेच, त्यावर वाद घालणारा मी कोण. एकतीस वर्षांचा राजा, संगमेश्वरला पकडला जातो, हाल सोसतो, झुकत नाही. पण ज्या येसूबाईला मालिकेनं अडीच वर्षं उभी केली, तिचा सगळ्यात मोठा निर्णय त्यानंतरचा आहे. नवरा मेलाय. सात वर्षांचा मुलगा शाहू मांडीवर. रायगडाला वेढा पडतो आहे. ती म्हणू शकली असती, माझ्या मुलाला गादीवर बसवा. तिनं दीर राजारामाला बाहेर काढलं, जिंजीकडं जायची वाट मोकळी केली, आणि स्वतः मुलासह किल्ल्यात राहिली. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. शाहू सुटला १७०७ मध्ये. येसूबाई सुटली १७१९ मध्ये. तीस वर्षं कैद! चाळीस दिवस आपल्याला तोंडपाठ आहेत. ही तीस वर्षं कुठं आहेत? पुढं २०२१ मध्ये सोनी मराठीवर ताराराणींवर मालिका आली, त्याबद्दल आभार. पण तिच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर दीडशे मेसेज पडलेले मी बघितले नाहीत.

इथं माझ्या धंद्याचीही लाज सांगतो. पेपरात आम्ही तेच करतो. एखादा शेतकरी दहा वर्षं धानाच्या हमीभावासाठी मोर्चे काढतो, त्याची दोन कॉलमसुद्धा बातमी लागत नाही. त्यानं विष घेतलं की पहिल्या पानावर फोटो. डेस्कवरून फोन येतो, “घरच्यांचा रडतानाचा फोटो आहे का?” मी पाठवलेत असे फोटो. म्हणून मालिकावाल्यांना मी वरून बोलत नाही. रडणं विकलं जातं हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे.

“पण भाऊ, त्यानं लोकांत जागृती झाली ना?” ग्रुपवरचा हा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देतो. कशाची जागृती? १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ सिनेमा आला. हिंदीत, म्हणून आमच्या शहरात तुडुंब. सिनेमा वेगळा, माणसं वेगळी, पण मालिकेनं जी वाट पाडली तीच. शेवटाकडं जाणारी. ट्रेलरमधलं लेझीम खेळणाऱ्या राजांचं दृश्य आक्षेप आल्यावर काढलं गेलं. म्हणजे राजाला हसता-नाचताना बघणं आपल्याला सोसत नाही, साखळदंडात बघणं सोसतं. महिन्याभरानं, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल पेटली, आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ‘छावा’मुळं लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचं बोलून दाखवलं. मी दंगलीचं पाप सिनेमाच्या किंवा मालिकेच्या डोक्यावर घालत नाही. दंगली करणारे करतात, त्यांना निमित्त लागतं. पण सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या राजाकडून आपण फक्त जखम घेतली आणि गोफण, ओहोटी, लाकडाची तोफ तिथंच सोडून आलो, तर पोरांच्या हातात काय राहील? सूड. तोही कोणावर उगवायचा ते दुसरंच कोणी सांगणार.

आमच्या जिल्ह्यातही एक प्रतापगड आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते, तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा आहे. दोन्हीकडं दोन्हीकडची माणसं जातात, कोणाला विशेष वाटत नाही. त्याच शाळेतल्या एका मुलानं मला ठामपणे सांगितलं, अफजलखान इथंच मारला. मी म्हटलं, अरे तो साताऱ्याकडचा. त्याचं तोंड उतरलं. मग त्याला इथल्या जवळच्या कामठ्याची गोष्ट सांगितली, १८१८ मध्ये चिमणा पटेल नावाचा जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठला होता. “त्यावर सिरीयल आहे का सर?” नाही बेटा.

तर, मालिका नावलौकिकाला पात्र आहे का? मराठी घराघरांत नेल्याबद्दल, येसूबाईसाठी आणि नटांच्या मेहनतीसाठी आहे. सर्वश्रेष्ठ या शब्दाला नाही. माझा हिशेब दहापैकी सहाचा आहे, आणि त्यातला एक गुण मारवाडी वहिनींचा.

परवा त्या गुरुजींचा फोन आला होता. ग्रुपवरचं भांडण त्यांनीही वाचलं होतं. म्हणाले, “सर, बोलता तर मग लिहून द्या ना आमाले पुढच्या वर्षासाठी.” मी रामशेजची वीस मिनिटांची नाटिका लिहून दिली. मांत्रिक आहे, सोन्याचा साप आहे, ओंडक्याच्या तोफा गावातला सुतार करून देणार म्हणतो. साखळदंडवाल्या टुऱ्याला किल्लेदार केलंय. त्यानं फोन घेऊन पहिला प्रश्न विचारला, “सर, मी मरतो का जी त्यात?”

नाही म्हटलं, तर थोडा हिरमुसला.